चिंतणे (सकर्मक क्रियापद)

शब्दकोशाचा चौथा खंड छापखान्यात जुळवून तयार होता. चाटणे झालं होतं, चावणे झालं होतं. चिडणे, चुकणे, चोपणे, चोरणे ही सगळी मंडळी आपापले अर्थ अंगावर चढवून, भांग पाडून रांगेत उभी होती. मधेच एक जागा मात्र रिकामी होती, अर्ध्या स्तंभाएवढी. तिथे 'चिंतणे' यायचं होतं. गेले अकरा महिने ते यायचंच होतं.

कारण ही नोंद प्रधान संपादक स्वतः लिहिणार होते.

प्रधान संपादकांना सगळे 'सर' म्हणत. सर मोठे विचारवंत होते. त्यांनी काय विचार केला होता हे नेमकं कुणाला सांगता आलं नसतं, पण ते विचार करतात याबद्दल दुमत नव्हतं. साधं 'चहा घेणार का' विचारलं तरी सर डोळे मिटत, दोन बोटं कपाळावर टेकवत आणि इतका वेळ गप्प बसत की विचारणाऱ्याला आपण काही तरी फार मोठं विचारून बसलो असं वाटे. मग ते डोळे उघडून म्हणत, "अर्धा." ऐकणारा भारावून बाहेर येई. चहा तोवर गार झालेला असे, पण सरांच्या अर्ध्या कपामागे केवढं चिंतन आहे हे कळल्यावर कोण तक्रार करणार?

'चिंतणे'ची नोंद लिहायला घेतली तेव्हापासून सरांच्या खोलीच्या दारावर पुठ्ठ्याची एक पाटी लागली होती: 'चिंतन चालू आहे'. रोज दुपारी दोनला ती लागायची आणि साडेचारला निघायची. तेवढे अडीच तास कोश कार्यालयातली माणसं चवड्यांवर चालत. खोकला आला तर जिन्यात जाऊन खोकत. कुणी जोरात खण लावला की अप्पा ओठांवर बोट ठेवून 'शू' करत.

अप्पा म्हणजे व्युत्पत्तीचे जाणकार. जगातला कुठलाही शब्द तीन उड्यांत संस्कृतात नेऊन बसवायची त्यांची ख्याती होती. 'टेबल'सुद्धा त्यांनी एकदा नेऊन ठेवलं होतं आणि मोठ्या मिनतवारीने परत आणावं लागलं होतं. त्यांची खुर्ची सरांच्या दाराशेजारी होती. पाटीची राखण करणं हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं, पण आपणहून घेतलेलं काम माणूस जास्त मन लावून करतो.

उरलेलं सगळं काम मात्राबाई करत.

मात्राबाई नोंदलेखक होत्या, वय अठ्ठेचाळीस, नोकरी बावीस वर्षं. कुठल्याही मजकुरात एखादी मात्रा सुटली असेल तर त्यांना ती लांबूनच खटकायची, म्हणून हे नाव पडलं होतं. दुकानाच्या पाट्या वाचत चालताना त्यांचा चेहरा असा होई की बघणाऱ्याला वाटावं, बाईंची दाढ दुखतेय. त्यांचं टेबल खिडकीपासून सगळ्यांत लांब, चिठ्ठ्यांच्या कपाटाला लागून होतं. लोक एखादा शब्द खरोखर कसा वापरतात ते ऐकायचं, चिठ्ठीवर लिहायचं आणि लाकडी खणात अकारविल्हे लावायचं, हे त्यांचं काम. बसमध्ये, बँकेत, दवाखान्यात, भाजी घेताना, कुठेही कान टवकारलेले. शेजारीण भांडत असली की लोक दार लावून घेत. मात्राबाई दार उघडून चिठ्ठी काढत.

'चिंतणे'च्या त्यांच्याकडे त्रेसष्ट चिठ्ठ्या जमल्या होत्या. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी संपादक मंडळाची बैठक झाली, तेव्हा त्यांनी त्या वर्गवारी करून मांडल्या.

"त्रेसष्टपैकी खोल विचार करणे या अर्थाच्या पाच," त्या म्हणाल्या. "पाचही भाषणांतल्या. त्यातल्या तीन एकाच वक्त्याच्या."

"आणि बाकीच्या?" अप्पांनी विचारलं.

"सतरा शुभेच्छापत्रांतल्या. शुभ चिंततो, भलं चिंततो, वगैरे. आणि एक्केचाळीस वाईट चिंतणे."

"एक्केचाळीस माणसं वाईट चिंततात?" अप्पांना धक्का बसला.

"नाही ना. एकही नाही. सगळी वाक्यं प्रश्नार्थक आहेत. 'मी कधी तुझं वाईट चिंतलंय का?' अशी. आणि अप्पा, यातली गंमत सांगू? हे वाक्य कुणीही काही करायच्या आधी म्हणत नाही. आधी काही तरी करून ठेवतात, ते उघडकीला येतं, मग म्हणतात."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी डोळे मिटले, दोन बोटं कपाळावर ठेवली. पंखा फिरत राहिला. कुणी तरी बिस्किटाकडे नेलेला हात मागे घेतला.

"हा," सर अखेर म्हणाले, "उथळपणा झाला."

"सर, पण लोक असंच..."

"लोक वापरतात, बाई. आपण समजून घ्यायचं. या क्रियापदात खोली आहे. त्या खोलीत उतरल्याशिवाय नोंद होणार नाही. मी स्वतः उतरतो."

अप्पांनी मान डोलावली. आणि सर जे खोलीत गेले ते गेलेच. ही कोटी मात्राबाईंना तेव्हाच सुचली होती, पण त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. कार्यालयात कोट्या चिठ्ठीवर लिहिलेल्याच चालत.

आता त्या एक्केचाळीस चिठ्ठ्यांमधल्या एकोणीस एकाच तोंडातून आलेल्या होत्या, हे मात्राबाईंनी बैठकीत सांगितलं नव्हतं. ते तोंड त्यांच्या ताईचं होतं.

ताई त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी. मोठ्या इस्पितळाच्या नोंदणीच्या खिडकीत तिने तीस वर्षं काढली होती, त्यामुळे समोर कुणीही आलं तरी त्याला कुठे जायचंय हे त्याच्याआधी आपल्याला कळतं, अशी तिची खात्री होती. माणूस म्हणे, 'माझा कान दुखतो.' ताई म्हणे, 'तुमचं पोट बिघडलंय, खोली नंबर नऊ.' यातली निम्मी माणसं बरी होत, आणि ताई तेवढीच मोजत असे.

धाकट्या बहिणीला ती आयुष्यभर अशीच नंबर देत आली होती. कुठला चष्मा, कुठला दात काढायचा, कुठल्या मैत्रिणीशी बोलायचं बंद करायचं. कधी मात्राबाईंनी तोंड उघडलं की ताईचं वाक्य तयार: "मी कधी तुझं वाईट चिंतलंय का?" आणि मात्राबाई मुकाट्याने चिठ्ठी काढत. तारीख, वार, प्रसंग. एकोणीस.

पहिली चिठ्ठी बावीस वर्षांपूर्वीची होती. तेव्हा मात्राबाईंना दूरच्या एका विद्यापीठाचं पत्र आलं होतं: दोन वर्षं भाषाशास्त्राचा अभ्यास, राहायची सोय. त्या तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. पत्र ताईने उघडलं, आणि उत्तरही ताईनेच पाठवलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव येणे शक्य नाही' असं, सुवाच्य अक्षरात. मात्राबाईंना हे कळलं ते ताप उतरून, वरणभात खाऊन, चार पावलं चालायला लागल्यावर. त्या रडल्या, ओरडल्या. ताई शांतपणे म्हणाली, "मी तुझं वाईट चिंतीन का गं?" मग कोशाची नोकरी मिळाली आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा पहिला गठ्ठा हातात पडला, तेव्हा सराव म्हणून त्यांनी सगळ्यांत आधी ते वाक्य लिहिलं.

तर असा सगळा मामला, आणि वसंत संपता संपता छापखान्याचे मालक दोन जिने चढून कार्यालयात आले. धापा टाकतच त्यांनी विचारलं, "चिंता मिटली का?"

"चिंता जुळवून झालीय," मात्राबाई म्हणाल्या. "चिंतणे राहिलंय."

"शुक्रवारी सकाळी यंत्र चालू करतोय. त्यानंतर महिनाभर औषधांच्या खोक्यांची छपाई आहे, तिथे मला एक दिवस हलवता येणार नाही. प्रकाशनाची निमंत्रणं गेलीत, निवृत्त न्यायाधीश यायचेत. शुक्रवारपर्यंत नोंद आली नाही तर मी जागा कोरी सोडून छापीन."

"कोरी?" अप्पांच्या अंगावर काटा आला.

"कोरी. लोक म्हणतील, वाचकांना चिंतनासाठी जागा ठेवलीय."

हे ते मंगळवारी म्हणाले. बुधवारी मात्राबाईंनी सरांना गाठलं. सरांनी बराच वेळ डोळे मिटले आणि सांगितलं, "जवळ आलोय." गुरुवारी सकाळी पुन्हा विचारलं. "फार जवळ," सर म्हणाले, आणि दोनला पाटी लावून आत गेले.

तीन वाजता मात्राबाई उठल्या आणि त्या दारापाशी गेल्या.

"शू," अप्पा म्हणाले.

"अप्पा, उद्या छपाई आहे."

"बाई, आत एक मेंदू कामाला लागलाय. तुम्ही दार वाजवलंत आणि धागा तुटला तर? अकरा महिन्यांचा धागा!"

मात्राबाईंनी दार वाजवलं. उत्तर आलं नाही. पुन्हा वाजवलं. अप्पांनी डोळेच मिटून घेतले. आपल्या देखत काही घडलं असं उद्या कुणी म्हणायला नको. मात्राबाईंनी मूठ फिरवली आणि त्या आत शिरल्या.

आत पंखा चालू होता. टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा, त्यावर काचेचा वजनठोकळा. सगळ्यांत वरच्या कागदावर सुरेख वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'चिंतणे'. पुढे विसर्गासारखी दोन टिंबं. आणि त्यापुढे काही नाही. खुर्चीवर कुणी नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर सरांचा सदरा होता, त्याखाली विजार नीट घडी घालून ठेवलेली होती आणि सदऱ्याच्या खिशात चष्मा होता.

मात्राबाईंनी टेबलाखाली वाकून पाहिलं. कपडे इथे आणि माणूस कुठे? त्यांच्या डोळ्यांपुढे नाही नाही ते आलं. मग त्यांना दिसलं की कपाटाआडचं एक दार अर्धवट उघडं आहे. आग लागली तर पळायला म्हणून पूर्वी कधी तरी केलेला लोखंडी जिना त्या दारातून खाली जात होता, आणि खाली, इमारतीच्या मागे, निळंशार पाणी चकाकत होतं.

तो नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव होता. अप्पांच्या 'शू'मुळे या बाजूच्या खिडक्या अकरा महिने कुणी उघडल्याच नव्हत्या, नाहीतर तो सगळ्यांना दिसला असता.

तलावाच्या उथळ कडेला चारपाच जण नवशिक्यांच्या रांगेत उभे होते: तीन गृहिणी, एक जाडजूड निवृत्त पोस्टमन आणि डोक्यावर रबरी निळी टोपी घातलेले, भाषेच्या क्षेत्रातले ख्यातनाम विचारवंत. विचारवंतांनी काठावरचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी गच्च धरला होता. गळ्यात शिट्टी अडकवलेली एक तरणी बाई त्यांच्या डोक्यावर उभी राहून ओरडत होती:

"काका, विचार नका करू! पाय मारा, पाय!"

सरांनी डोळे मिटले. सवयीने एक हात कपाळाकडे गेला, दांडा सुटला, आणि ते बुडबुडे काढत खाली गेले. पाणी कमरेएवढं होतं. पोस्टमननी त्यांना दंडाला धरून उभं केलं.

मात्राबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर मट्कन बसल्या. आधी हसू आलं. मग राग आला, तोही चांगला तापलेला. अकरा महिने! अकरा महिने आपण चवड्यांवर चाललो, जिन्यात जाऊन खोकलो, आणि कशासाठी, तर एका सदऱ्याची समाधी मोडू नये म्हणून! त्या उठल्या, खोलीत परत गेल्या, सरांच्या खुर्चीवर बसल्या. सदरा पाठीला लागला म्हणून काढून बाजूला ठेवला. सरांचंच पेन उघडलं, आणि 'चिंतणे' व दोन टिंबांपुढे लिहायला सुरुवात केली.

चिठ्ठ्या बघायची गरज नव्हती, सगळ्या पाठ होत्या. तरी लिहिताना एका ठिकाणी त्या थांबल्या, ते व्युत्पत्तीपाशी. मूळ संस्कृत 'चिन्त्' धातू, हे त्यांना ठाऊक होतं. पण जुन्या व्याकरणकारांनी त्याचा अर्थ विचार करणे असा नव्हे, स्मरणे असा दिलाय, हे त्या वाचून विसरल्या होत्या आणि आता हात पुढे सरकताना आठवलं. म्हणजे आधी नुसतं मनात ठेवणं होतं. मनात ठेवलेलं घोळायला लागलं तेव्हा त्याचं चिंतन झालं. घोळून घोळून आंबलं तेव्हा चिंता झाली. आणि दुसऱ्याचं नाव घेऊन घोळवलं की बरं चिंतणं नाहीतर वाईट चिंतणं. सगळी एकाच घरातली भावंडं, आणि कुणाचं कुणाशी पटत नाही.

चाळीस मिनिटांत नोंद झाली. ती अशी:

'चिंतणे : सक्रि. [सं. चिन्त् = स्मरणे] १. (मूळ अर्थ, आता लुप्त) मनात धरून ठेवणे, आठवत राहणे. २. खोल विचार करणे (आता मुख्यतः भाषणांत). ३. एखाद्याचे बरे अथवा वाईट व्हावे असे मनात आणणे. उदा. मी कधी तुझं वाईट चिंतलंय का? – टीप : तिसऱ्या अर्थाचा 'वाईट'सह प्रयोग बोलीत बहुधा प्रश्नार्थक असतो व तो कृती उरकल्यानंतर केला जातो. हे क्रियापद सकर्मक आहे; विचार एकट्याचा करता येतो, चिंतायला मात्र दुसरे कुणी तरी लागते.'

कागद आणि पेन घेऊन मात्राबाई लोखंडी जिन्याने खाली उतरल्या. तलावाच्या दारावर एकाने अडवलं. "बाई, चपला काढा." त्यांनी चपला काढल्या आणि ओल्या फरशीवरून, साडी घोट्यावर उचलून, त्या थेट नवशिक्यांच्या रांगेपाशी गेल्या.

चष्मा नसल्यामुळे सरांनी त्यांना ओळखलं ते अगदी जवळ आल्यावर. ओळखल्यावर ते मानेपर्यंत पाण्यात गेले. एवढ्या सहज ते त्याआधी कधी गेले नसावेत.

"बाई, तुम्ही इथे?"

"नोंदीवर सही हवी होती, सर."

"कुठल्या नोंदीवर?"

"जिच्या तुम्ही फार जवळ आला होतात तिच्या."

सरांनी दांडा आणखी घट्ट धरला. मिटायला डोळे होते, पण टेकवायला बोटं मोकळी नव्हती. दांडा सोडायची छाती होईना. मग हळू आवाजात, भाषण न करता, ते बोलले. त्यांच्या तोंडून असा आवाज मात्राबाईंनी प्रथमच ऐकला.

"पाठीसाठी डॉक्टरांनी सांगितलं, पोहा. बासष्ट वर्षं पाण्याला घाबरलो, बाई. लोकांना सांगायचो, मी काठावर बसून चिंतन करतो. इथे आलो तर कुणाला माझं नावही माहीत नाही. ही पोरगी मला काका म्हणते आणि खेकसते." ते किंचित हसले. "बरं वाटतं."

"आणि नोंद?"

"रोज सकाळी लिहायला बसायचो. एक शब्द सुचायचा नाही. मला वाटतं, मला कधीच..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "पाटी काढली असती तर सगळ्यांना कळलं असतं."

मात्राबाईंचा राग थोडा निवला, हे त्यांना स्वतःलाच आवडलं नाही. त्यांनी कागद सरांच्या डोळ्यांसमोर धरला. सरांनी तो नाकाला लावून वाचला. तिसऱ्या अर्थापाशी ते फुर्रकन हसले. टिपेपाशी मात्र त्यांच्यातला प्रधान संपादक टोपीसकट जागा झाला.

"टीप काढा."

"नाही काढणार."

"बाई, हा विद्वानांचा ग्रंथ आहे. यावर जरा सावकाश विचार..."

"काका!" शिट्टी वाजली. "गप्पा बास! चला, आता फळी धरून मधल्या दोरीपर्यंत!"

सरांनी दोरीकडे पाहिलं. दोरीपलीकडे पाटी होती: 'खोल पाणी. शिकाऊंनी जाऊ नये.' त्यांनी मात्राबाईंकडे पाहिलं, कोरड्या कागदाकडे पाहिलं, आणि ओल्या हाताने झरकन सही केली. शाई थोडी पसरली. मग ते फळी छातीशी धरून गेले, तोंड वाकडं करून, पाय झाडत. आणि तोंडात पाणी जात असूनही दोरीपर्यंत पोचले. पोस्टमननी टाळ्या वाजवल्या. मात्राबाईंनीही, कागद काखेत धरून, दोनदा वाजवल्या.

कार्यालयात परतल्यावर अप्पांनी धास्तावून विचारलं, "धागा तुटला का?"

"ओला झाला," मात्राबाई म्हणाल्या, आणि छापखान्यात गेल्या.

प्रकाशन दणक्यात झालं. निवृत्त न्यायाधीशांनी पाहुण्यांच्या रिवाजाप्रमाणे ग्रंथ मधेच कुठे तरी उघडला, तो नेमका तिथेच उघडला. त्यांनी नोंद वाचली, टीप वाचली, आणि ध्वनिक्षेपकात खो-खो हसत सुटले. "तीस वर्षं," ते म्हणाले, "तीस वर्षं मी आरोपींच्या तोंडून हेच वाक्य ऐकलं! कृती उरकल्यानंतर! वा!" सभागृह हसलं. न्यायाधीशांनी विचारलं, ही नोंद कुणाची? सगळ्यांनी सरांकडे पाहिलं.

सर उठले. त्यांनी डोळे मिटले, बोटं कपाळावर टेकवली. पहिल्या रांगेत अप्पांनी श्वास रोखला. मात्राबाई चौथ्या रांगेत होत्या आणि सर काय बोलणार याची त्यांना इतकी खात्री होती की त्यांनी पर्स उघडून बसचा पास शोधायला घेतला.

"या नोंदीसाठी अकरा महिने चिंतन चाललं होतं," सर म्हणाले. थांबले. एवढं खरंच होतं, कारण पाटीवर तसं लिहिलेलं होतं. "लिहिली मात्र मात्राबाईंनी."

टाळ्या झाल्या. त्या सरांसाठी झाल्या. केवढा हा विनय, असं लोक नंतर चहाच्या टेबलापाशी एकमेकांना सांगत होते; स्वतःच्या नोंदीचं श्रेय हाताखालच्या बाईला देतात म्हणजे बघा! मात्राबाईंना तिघांनी येऊन सांगितलं की असे वरिष्ठ मिळायला भाग्य लागतं. चौथ्याने विचारलं, बिस्किटं कुठे ठेवलीत.

पण मात्राबाईंचं लक्ष त्या दिवशी कशातच नव्हतं. त्यांच्या पिशवीत ताईसाठी एक प्रत होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा ताईचं वाक्य तिच्यासमोर छापील अक्षरांत जाणार होतं, खाली टीप लावून. ताई वाचेल, तिचा चेहरा उतरेल, ती गप्प होईल. ताई गप्प झालेली कशी दिसते, हे मात्राबाईंनी कधी पाहिलंच नव्हतं.

रविवारी सकाळी त्या ताईकडे गेल्या. भावजी पलीकडे वर्तमानपत्रात बुडाले होते. लग्न झाल्यापासून ते तिथेच असत. मात्राबाईंनी पान उघडून प्रत ताईपुढे ठेवली.

ताईने चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग मान वर केली, आणि तिचा चेहरा आनंदाने फुलून आला.

"अगं, हे माझं वाक्य!"

"हो."

"अहो, ऐकलंत का? माझं वाक्य कोशात आलंय! मी बोलते ते छापतात हे लोक!" वर्तमानपत्र एक इंच खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. "शेजारच्यांना दाखवते थांब. खिडकीतल्या सगळ्यांना दाखवते उद्या."

"ताई, खालची टीप वाचलीस का?"

"वाचली ना. कृती उरकल्यानंतर. बरोबरच आहे. आधी म्हणून काय उपयोग? आधी म्हटलं तर माणसं ऐकतात कुठे?"

बावीस वर्षं जपून ठेवलेला बाण असा ताईच्या केसांत फुलासारखा खोवला गेला. मात्राबाई बघत राहिल्या. मग आतून काही तरी सैल झालं आणि त्यांना हसू फुटलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ताईसुद्धा हसायला लागली, कशाला ते न कळता. आणि त्या हसण्याच्या भरात, जे इतकी वर्षं रागाच्या भरात विचारता आलं नव्हतं ते मात्राबाईंनी सहज विचारलं.

"ताई, ते विद्यापीठाचं पत्र. तू 'नाही' असं का कळवलंस?"

ताईचं हसू एकदम थांबलं. मात्राबाईंना वाटलं, आता विसावी चिठ्ठी. हात पर्सकडे गेलासुद्धा.

पण ताई म्हणाली, "माझं लग्न ठरत होतं गं."

"मग?"

"तू गेली असतीस तर आईजवळ कोण राहिलं असतं? मी. मी एकतिसाची होते. हे," तिने वर्तमानपत्राकडे बोट केलं, "दोन वर्षं थांबणारे नव्हते. मला वाटलं, तू सव्वीसची आहेस, हुशार आहेस, तुला दुसरं पत्र येईल. मला दुसरा माणूस येणार नव्हता." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "दुसरं पत्र आलंच नाही तुला. दर वर्षी वाट बघायची मी. आलं असतं तर पोस्टमनला पेढे दिले असते."

वर्तमानपत्राचं पान उलटलं गेलं नाही, बराच वेळ.

मात्राबाईंना काय वाटलं ते त्यांना तिथल्या तिथे सांगता आलं नसतं. राग यायला हवा होता. तो आला, पण उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा, बसावं की जावं अशा विचारात. बावीस वर्षं त्या एका आढ्यतेवर चिडून होत्या, आणि इथे तर साधी भीती निघाली. भीती चिडण्याइतकी मोठी नव्हती. विसरून जाण्याइतकी लहानही नव्हती.

"हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

"कसं सांगणार? वाईट दिसलं असतं."

"ते वाईटच होतं, ताई."

"हो," ताई म्हणाली. एवढंच. गप्प झालेली ताई अशी दिसते तर, जरा आईसारखी.

दुपारी दोघींनी मिळून भांडी घासली. ताईने सांगितलं, तुझा हा चष्मा तुला शोभत नाही. मात्राबाई म्हणाल्या, मला आवडतो. ताईने तोंड उघडलं, मिटलं, आणि ताट विसळायला घेतलं.

सोमवारी मात्राबाईंनी दुसरंच एक काम केलं. परदेशातल्या एका कोशसंस्थेत तीन महिन्यांचं शिबिर होतं, वयाची अट नव्हती. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, स्वतः पाकिटात घातला, आणि उत्तराचा पत्ता कार्यालयाचा दिला. शिफारसपत्रासाठी त्या सरांच्या खोलीत गेल्या. दारावर पाटी नव्हती. सरांनी डोळे न मिटता पत्र लिहिलं, चार ओळींचं, आणि घाईने सही करून उठले, कारण दोन वाजत आले होते.

बाहेर अप्पा पाटी हातात घेऊन अवघडून उभे होते. ती लावायची की नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"मात्राबाई," त्यांनी विचारलं, "पाचव्या खंडाचं काय करायचं? 'छ' सुरू होतोय. पहिलं मोठं क्रियापद 'छळणे'. कुणाला द्यायचं?"

"त्याच्या चिठ्ठ्या मोजायच्या आहेत अजून," मात्राबाई म्हणाल्या. "चला, खण काढू या. आणि अप्पा, ती खिडकी उघडा हो जरा. गुदमरायला होतंय."